चार हात पुढे पाहून

पाणी गाळायचं ते प्यायच्या आधी. डाळ निवडायची ती शिजवायच्या आधी. दिव्यावर काच चढवायची ती पतंग पडायच्या आधी. आपल्या घरांतून हे मुलींना कुणी शिकवावं लागत नाही, बघून बघूनच हाताला वळण लागतं. मुंगी मरू नये म्हणून आपण एवढं जपतो. पण त्याच घरातली मुलगी सकाळी डबा घेऊन कामाला जाते, तेव्हा ती दिवसभर बसते ती जागा आपण कधी नीट पाहिली आहे का?

माझी भाची बेळगावातल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. तिथं हप्ते थकलेला एक कर्जदार जप्तीची नोटीस मिळाल्यापासून रोज दारात येऊन उभा राहायचा. "एकेकाला बघून घेतो," म्हणायचा. सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. पाचव्या दिवशी त्यानं पेपरवेट उचलून काउंटरच्या काचेवर मारला. पोरीच्या कपाळाला दोन टाके पडले. घरात लगेच सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे नोकरी सोड, कुणी म्हणे गप्प बस, लग्न व्हायचंय. एक वडीलधारे म्हणाले, "आपण अहिंसा मानणारे. क्षमा करायची आणि विसरायचं."

ती शांतपणे म्हणाली, "क्षमा केली मी. पण सोमवारी त्याच खुर्चीत बसायचंय, त्याचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्या धर्मात आहे. मुनींच्या पाच समितींत पहिली ईर्यासमिती. चार हात जमीन पुढे पाहून पाऊल टाकायचं. समिती म्हणजे सावधपणा. हिंसा घडल्यावर हळहळणं ही अहिंसा नव्हे. ती घडू नये म्हणून आधी डोळे उघडे ठेवणं ही अहिंसा. आणि गृहस्थाला जी हिंसा सोडायला सांगितली आहे ती संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली. अंगावर आलेल्याला अडवणं ही विरोधी हिंसा, आणि ती गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे आपले शास्त्रकारही मान्य करतात. मग सोसत राहणं हा मुलींचा धर्म कुठून झाला?

चार हात पुढे न पाहिल्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. आपल्याच कर्नाटकातल्या हळदीपूरची अरुणा शानबाग मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्यूटी संपल्यावर ती कपडे बदलायला तळघरात गेली आणि तिथंच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीची तरुण डॉक्टर विश्रांतीला सेमिनार हॉलमध्ये गेली. तिथं तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. मध्ये ५० वर्षं गेली. एकीला कपडे बदलायला आणि दुसरीला घटकाभर पाठ टेकायला कडी लागणारी, माणसांच्या हाकेच्या अंतरावरची खोली नव्हती. ही उणीव रोज दिसत होती, फक्त कुणी तिला धोका म्हटलं नाही.

भाचीनं आणि तिच्या सोबतिणींनी मग व्यवस्थापकांकडे साध्या गोष्टी मागितल्या. कुणी धमकी दिली की तारीख, वेळ आणि त्याचे शब्द वहीत लिहायचे. दुसऱ्या धमकीलाच पोलिसांना कळवायचं, पाचव्या दिवसाची वाट बघायची नाही. काउंटरखाली घंटेचं बटण. मागच्या दारापुढं रद्दीचे गठ्ठे रचायचे नाहीत. संध्याकाळी शेवटी कुणी एकटीनं थांबायचं नाही. ११२ हा नंबर सगळ्यांना तोंडपाठ. आणि काही घडलंच, तर आधी दवाखाना, मग तक्रार, "तू काय बोललीस त्याला?" हा प्रश्न कुणी विचारायचा नाही. खर्च म्हणाल तर त्या बटणाचा तेवढा.

हल्लेखोर बाहेरचाच असतो असंही नाही. लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, एक सदस्य बाहेरची. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घरकाम करणाऱ्या बाईलासुद्धा.

आणि बायांनो, दुकानं, कारखाने, शाळा चालवणारे पुष्कळजण आपल्याच घरांतले आहेत. आज जेवायला वाढताना त्यांना एवढंच विचारा: तुमच्याकडे समिती आहे का? असेल, तर ती फक्त भिंतीवरच्या कागदावर आहे, की चार हात पुढे बघते?