आवराआवर

आमच्या मातोश्रींनीं शेवटच्या वर्षीं आवराआवर आरंभिली, तेव्हां आम्ही त्यांच्यावर रागावलों होतों, हें प्रथमच कबूल केलेलें बरें. पितळेचे डबे धाकट्या सुनेला, लुगडीं लेकींना, जुन्या पत्रांचीं पुडकीं बंबांत, असा क्रम रोज चाले. "हें अभद्र काय मांडलें आहेस?" असें आम्हीं एकदां त्रासून विचारलें. "मागून तुमची धांवपळ नको," एवढेंच त्या म्हणाल्या. त्या रागाची लाज आम्हांस पुढें वाटली, आणि ती एका अगदीं वेगळ्या विषयामुळें.

आमची कन्या जीवशास्त्राचा अभ्यास करते. एके सायंकाळीं ती म्हणाली, "बाबा, पेशीसुद्धां मरण्यापूर्वीं घर आवरते." आम्ही इंग्रजी वाङ्मय शिकविणारे; आमचें विज्ञान शाळेबरोबरच संपलें. तथापि त्या वाक्यानें आम्ही थबकलों.

या मरणाला कर, वायली व करी या तिघां संशोधकांनीं १९७२ सालीं 'ॲपॉप्टोसिस' असें नांव दिलें. शब्द मूळचा ग्रीक. पानगळ हा त्याचा अर्थ. तो सुचविला ॲबर्डीन येथील ग्रीकच्या एका प्राध्यापकानें. भाषेच्या प्राध्यापकाचाही विज्ञानाला क्वचित् उपयोग होतो, हें ऐकून आम्हांस थोडा धीर आला! घाव बसून फुटणाऱ्या पेशीचा ऐवज भोंवतीं सांडतो व सूज येते. पानगळीनें जाणारी पेशी मात्र आंखडते, तिचीं लहान लहान गांठोडीं होतात आणि शेजारच्या पेशी तीं गिळून टाकतात.

हें काम मुख्यतः 'कॅस्पेज' नांवाचीं, प्रथिनें कापणारीं विकरें करतात. सी. एलेगन्स या उभयलिंगी सूक्ष्म कृमीच्या वाढींत १,०९० पेशी उत्पन्न होतात व त्यांपैकीं ठराविक १३१ मरतात. तें मरण घडविणारें विकर माणसाच्या अशाच एका विकराच्या कुळांतलें आहे, असें १९९३ सालीं आढळलें. नवल हें कीं हीं हत्यारें बाहेरून आणावीं लागत नाहींत; पेशींत तीं आधींपासूनच असतात, मात्र म्यानांत. पेशीच्या पृष्ठभागावर मरणाचा निरोप आला तर आठव्या क्रमांकाचें कॅस्पेज जागें होतें. आंतच बिघाड होऊन मायटोकॉन्ड्रियांतून सायटोक्रोम-सी बाहेर पडलें तर नववें. हीं दोन्हीं तिसऱ्याचें म्यान उतरवितात, आणि खरें काम तें तिसरें करतें. तेंही वाटेल तेथें कापीत नाहीं. प्रथिनाच्या साखळींत ॲस्पार्टिक आम्लाचा दुवा पाहून त्याच्यापुढेंच घाव घालतें. एका घावानें डीएनए तोडणारें विकर मोकळें होतें, दुसऱ्यानें पेशीचा सांगाडा ढिला होतो, आणखी एकानें बाहेरच्या पटलावर 'मला न्या' अशी खूण उमटते.

सारींच विकरें इतकीं शांत नसतात. मारक पेशी विषाणूनें ग्रासलेल्या पेशींत ग्रॅन्झाइम-बी सोडतात. तें तिसऱ्याचें म्यान स्वतःच उतरवितें. कॅल्शियम वाढलें कीं कॅल्पेन खवळतें. लायसोसोमची कोठी फुटली कीं आंतलीं कॅथेप्सिनें बाहेर पडून कापूं लागतात. पहिलें कॅस्पेज तर पेशीच्या पटलाला भोकें पडतील अशी व्यवस्था करून तिला फोडतें आणि सारा गांव जागा करतें. जंतूंचा शिरकाव झाला असतां तेंही योग्यच. उलट, ज्या पेशी मरणाचा निरोप ऐकेनाशा होतात, त्यांच्या हट्टानें कर्करोगाला बळ मिळतें.

मातोश्री गेल्या त्या दिवशीं कपाटांत दोन लुगडीं, जपमाळ आणि औषधाची बाटली एवढेंच होतें. आमच्या वांट्याला दुःख आलें, पसारा आला नाहीं. पेशीला समज नसते. तिचीं विकरें काम करून मोकळीं होतात. मातोश्रींना समज होती, हात थरथरत होते आणि घरांत रागावणारा मुलगा होता. तरी त्यांनीं काम पुरें केलें. आम्हीं त्यांच्याशेजारीं बसून एक डबा तरी पुसून द्यावयास हवा होता.