जोडीचा रुपया

लिस्प ही कंसांची भाषा. नुसती कंसांनी भरलेली. दोन आणि तीन मिळवायचे तर कंस उघडायचा, आधी बेरजेचं चिन्ह लिहायचं, मग दोन, मग तीन, आणि कंस बंद करायचा. माझ्या टेबलावरचा कागद बघून सून म्हणाली, "आई, हे रांगोळीचे ठिपके आहेत की काय?" मी वीस वर्षं कॉलेजात मुलांना सी आणि जावा शिकवलं, पण लिस्प आमच्या अभ्यासक्रमात कधी नव्हती. निवृत्तीनंतर ती वाट्याला आली ती भाच्यामुळं.

निपाणीला आमच्या ताईचा बायकांचा बचत गट आहे. एकतीस जणी. २०१० च्या सुट्टीत भाच्यानं आईच्या हौसेखातर गटाचा हिशेब ठेवायचा प्रोग्रॅम लिहून दिला. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता, डोक्यात नवं खूळ होतं, म्हणून त्यानं तो आर्क नावाच्या लिस्पमध्ये लिहिला. आर्क ही लिस्पच्या घराण्यातली धाकटी पाती. पॉल ग्रॅहम आणि रॉबर्ट मॉरिस या दोघांनी ती २००८ च्या जानेवारीत लोकांसमोर ठेवली. पुढं भाचा टोरांटोला गेला, संसारात पडला. प्रोग्रॅम ताईच्या घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतच राहिला. आता त्या कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा खडखडतो, आणि गटातल्या तरुण सुनांना हिशेब फोनवर बघायचाय. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मावशी, सरळ दुसऱ्या भाषेत नवा लिही. आर्क आता कोण वापरतंय!"

सांगायला सोपं आहे. पण गटाचे नियम कुठं लिहिलेलेच नाहीत. उशिराचा दंड कुणाला लागतो, बाळंतिणीला किती महिने माफी, कर्ज मुदतीआधी फेडलं तर व्याज कसं धरायचं, हे सगळं बैठकीत ठरत गेलं आणि भाचा फोनवर ऐकून एकेक ओळ वाढवत गेला. त्या नऊशे ओळी हीच गटाची घटना. मी नव्यानं लिहायला बसले तर प्रत्येक नियमाचा अर्थ मी लावणार, आणि तो माझा असणार, गटाचा नाही. म्हणून ठरवलं की प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, त्याच्या पायाखालची जमीन तेवढी नवी करायची. म्हणजे फोनच्या ब्राउझरमध्ये चालेल असं आर्क जावास्क्रिप्टमध्ये आपणच लिहायचं, आणि ते मूळ आर्कसारखं वागेल असं बघायचं.

"सारखं वागेल" हे दोन शब्द मला चार महिने पुरले.

लिस्पच्या इतर पात्यांना नियमपुस्तकं आहेत. कॉमन लिस्पचं प्रमाण १९९४ साली ठरलं, स्कीम या लिस्पचे एकापाठोपाठ एक अहवाल निघाले. अडलं की पुस्तक उघडावं. आर्कला असं पुस्तक नाही. शिकण्यापुरती एक पुस्तिका आहे, बाकी कोडच प्रमाण. मूळ आर्कमध्ये मुख्य फायली दोन. एक स्कीममध्ये लिहिलेला पाया, दुसरी खुद्द आर्कमध्येच लिहिलेली. दुसरी मला जशीच्या तशी उचलता येत होती. पाया मात्र ओळ न् ओळ वाचून नव्यानं बांधायचा. आपल्याकडं सासूच्या हातची आमटी शिकताना नाही का, पाककृती लिहिलेली नसते, उभं राहून बघायचं असतं? त्या चिमूटभर टाकतात ते हिंग मुद्दाम आहे की डबा जवळ होता म्हणून, हे विचारायची सोय नसते. (माझ्या सासूबाईंना विचारलेलं चालायचं. पण उत्तर दरवेळी वेगळं यायचं.)

मी पद्धत अशी ठेवली. जुन्या कॉम्प्युटरवर एकेक छोटी ओळ चालवायची, आलेलं उत्तर वहीत उतरवायचं, तीच ओळ माझ्या आर्कमध्ये चालवायची आणि दोन्ही शेजारी ठेवायची. दुपारी जेवणं आटोपली की दोन तास. ताई सुपारी कातरत बाजूला बसायची. "काय करालीस गं? दोन्हीकडं तेच तर येतंय!" तेच येतंय हेच तर बघायचं होतं.

पहिलीच गोष्ट 'निल'ची. निल म्हणजे 'नाही'. आर्कमध्ये रिकामी यादी आणि खोटं या दोन्ही गोष्टी निलच, आणि खोटं फक्त तेवढंच. शून्य खरं, रिकामा शब्दही खरा. जावास्क्रिप्टचं मत वेगळं. तिथं शून्य खोटं, रिकामा शब्द खोटा, आणि रिकामी यादी मात्र खरी! हा काही पंडितांचा वाद नाही. भाच्याच्या प्रोग्रॅममध्ये एखादीच्या नावापुढं शून्य असेल तर तिला त्या महिन्याची माफी आहे, आणि निल असेल तर पैसे यायचे आहेत. गटात एक विधवा बाई आहे, तिला गटानं सहा महिने माफी दिली होती. जावास्क्रिप्टच्या मनाप्रमाणं 'जर'चा अर्थ लावला असता तर तिच्या शून्याला 'आलेच नाहीत' समजून दंड चढला असता. म्हणून माझ्या आर्कमध्ये 'जर' एकच प्रश्न विचारतो, निल आहे का? नसेल तर खरं.

दुसरी गोष्ट अपूर्णांकांची, आणि इथं मी रेंगाळणार आहे. मूळ आर्क स्कीमवर उभं असल्यामुळं एकाला तीननं भागलं की १/३ असंच ठेवतं, अंश आणि छेद, शाळेतल्यासारखं. जावास्क्रिप्टमध्ये ०.३३३ ची शेपूट येते आणि कुठंतरी तुटते. पण म्हणून सगळेच आकडे अपूर्णांक करून चालत नाही. मूळ आर्कमध्ये दशांश चिन्ह देऊन ०.१ आणि ०.२ मिळवले तर तिथंही ०.३ न येता शेवटी एक चार चिकटलेली लांबलचक संख्या येते. तेव्हा माझ्याकडंही दोन जातीचे आकडे हवेत, नेमके आणि अंदाजी, आणि अंदाजी जिथं मुळात चुकतो तिथं माझाही तितकाच चुकला पाहिजे. हे सुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "चूकसुद्धा कॉपी करायची?" करायची. कोणती करायची हा पुढचा प्रश्न.

गटाचं व्याज महिना दीड टक्का. भाच्यानं ते शहाणपणानं ३/२०० असं लिहिलंय. पंधराशेच्या कर्जावर व्याज येतं साडेबावीस रुपये, अडीच हजारांवर साडेसदतीस. आठ आण्यांचं काय करायचं? आर्कची 'राउंड' नावाची क्रिया बरोब्बर अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडं जाते. साडेबावीसचे बावीस, साडेसदतीसचे अडतीस. जावास्क्रिप्टची क्रिया दोन्ही वर ढकलते, तेवीस आणि अडतीस. मला वाटलं, हा फरक निपाणीत कुणाला कळला असणार!

गटाच्या खजिनदार अक्का. वय पंच्याहत्तर, शिक्षण सातवी. कॉम्प्युटर आला तरी लाल कापडी पुठ्ठ्याची वही त्यांनी सोडलेली नाही; दर महिन्याला हातानं मांडतात आणि मशीनशी ताडून बघतात. मी विचारलं, "अक्का, आठ आणे आले की तुम्ही काय करता?"

"जोडीकडं जायचं की."

"म्हणजे?"

"बावीस जोडीचा आकडा. तेवीस एकटा. रुपया जोडीला जातोय. मशीन आलं तवापासून तसंच करतोय आम्ही. आधी मी सगळे वरच धरायची. मशीन ऐकंना, मग मीच शिकले त्याचं."

चौदा वर्षं त्या बाईनं यंत्राचं वळण आपल्या हाताला लावून घेतलं होतं. ग्रॅहमसाहेबांच्या एका ओळीतली निवड निपाणीत रिवाज झाली होती. आता मी तेवीस दाखवले असते तर अक्कांची वही खोटी पडली असती, आणि बायकांनी म्हटलं असतं, नव्या मशीनमध्ये रुपया कुठं गेला? बचत गट रुपयानं बुडत नाही, संशयानं बुडतो. राउंड ही क्रिया आर्कमध्येच लिहिलेली असल्यामुळं ती मला आयती मिळाली. फक्त तिच्यातला १/२ माझ्या पायाला १/२ असाच वाचता यायला हवा होता. तेवढ्यासाठी अपूर्णांकांचं सगळं गणित हातानं बांधलं. तीन आठवडे गेले, पण जोडीचा रुपया जोडीला राहिला.

बेरजेचं चिन्हही मजेदार आहे. आर्कमध्ये + नं आकडे मिळतात, शब्द जोडले जातात, याद्याही जोडल्या जातात. पण ते पहिल्याचं तोंड बघतं. आधी शब्द आणि मग आकडा असेल तर जोडून देतं. आधी आकडा आणि मग शब्द असेल तर अडून बसतं, चूक म्हणतं. जावास्क्रिप्ट दोन्ही वेळा गुपचूप चिकटवून मोकळं होतं. मला आधी वाटलं, जावास्क्रिप्टचा चांगुलपणाच बरा. मग भाच्याचा प्रोग्रॅम नीट वाचला. रकमेच्या जागी कुणी चुकून नाव टाईप केलं तर तो ही अडणूक पकडतो आणि 'नोंद तपासा' असं दाखवतो. म्हणजे ते अडणंच पहारेकरी होतं. तेव्हा माझंही आर्क तिथं अडतं. चुकीच्या संदेशाचे इंग्रजी शब्द मात्र मी जुळवले नाहीत. ते कुणी वाचत नाही, प्रोग्रॅमही वाचत नाही.

आवर्तनाचं थोडक्यात सांगते. आर्कमध्ये गोल फिरायचं म्हणजे क्रियेनं स्वतःलाच हाक मारायची. शेवटचं काम म्हणून मारलेली हाक असेल तर स्कीम जागा अडवत नाही, हजारदा फिरा नाहीतर लाखदा. जावास्क्रिप्टवर तसा भरवसा ठेवता येत नाही, हाकांवर हाका रचल्या जातात आणि ढीग कोसळतो. चौदा वर्षांच्या नोंदी फिरायच्या होत्या, म्हणून हाक लगेच न मारता चिठ्ठी परत द्यायची आणि बाहेर बसलेल्यानं एकेक चिठ्ठी उघडायची, अशी रचना केली. याला ट्रॅम्पोलिन म्हणतात. वेग थोडा कमी झाला, कुणाच्या लक्षातही आला नाही.

मग आलं वाटप. दिवाळीला व्याजाची रक्कम प्रत्येकीच्या बचतीप्रमाणं वाटली जाते. प्रत्येकीचा हिस्सा रुपयात बसवला की एकूण बेरीज कधी दोन रुपये कमी भरते, कधी एक. तो उरलेला रुपया कुणाला? भाच्यानं लिहिलं होतं, यादीतल्या पहिल्या नावाला. आणि यादी येते सभासदांच्या तक्त्यातून. तक्त्यातली नावं कोणत्या क्रमानं बाहेर येतील याचं मूळ आर्क काहीच वचन देत नाही. आत नावांच्या अक्षरांवरून कसलीशी वाटणी होते आणि जे नाव आधी हाती लागेल ते पहिलं. माझ्या आर्कमध्ये क्रम वेगळा, म्हणून रुपया वेगळ्याच नावावर.

जुनी वाटपं काढून बघितली. सभासद बदलले नव्हते त्या सलग वर्षांत उरलेले रुपये एकाच बाईला गेले होते. गटात तिला 'नशिबाची' म्हणायचे. मी अक्कांना कारण सांगितलं. त्या बराच वेळ वहीकडं बघत राहिल्या.

इथं माझं सारखं वागायचं व्रत अडकलं. निल, राउंड, बेरजेचं अडणं, यांवर प्रोग्रॅम विसंबून होता, माणसं विसंबून होती, आणि मूळ आर्कनंही ते जाणून ठरवलं होतं. हा क्रम कुणीच ठरवलेला नव्हता. स्कीमच्या आतलं ते गणित खणून काढून माझ्याकडं उतरवता आलं असतं कदाचित, पण त्यातून मी काय जपलं असतं? एका आवृत्तीतला योगायोग. खुद्द आर्कलाही असल्या फरकाचा फटका बसलाय. पाया असलेल्या स्कीमनं २००८ मध्ये याद्यांच्या जोड्या न बदलणाऱ्या केल्या, आणि आर्कला काही काळ स्कीमची जुनी आवृत्तीच धरून बसावं लागलं. मोठ्यांचं तसं, मग माझं काय!

प्रश्न बैठकीत ठेवला. एकतीस बायका, एक रुपया, आणि पाऊण तास चर्चा. कुणी म्हणालं चिठ्ठी टाका, कुणी म्हणालं सगळ्यात कमी बचत असलेलीला द्या. 'नशिबाची' स्वतः म्हणाली, "माझं राहू दे तसंच, सवय झाल्या मला!" सगळ्या हसल्या. शेवटी ठरलं की उरलेला रुपया कुणालाच नको, गटाच्या चहाच्या डब्यात जाईल. नऊशे ओळींतली तेवढी एक ओळ मी बदलली, शेजारी तारीख घातली आणि भाच्याला कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

आता हिशेब फोनवर दिसतो. गेल्या तीन महिन्यांचे आकडे जुनं मशीन, माझं आर्क आणि लाल वही या तिन्हींत पैशापर्यंत जुळले. तरी ताईला मी मशीन मोडीत काढू दिलेलं नाही. मुदतीआधी फेडलेल्या कर्जांचा भाग अजून ताडायचा राहिलाय, आणि त्यात भाच्यानं आर्कची एक अशी सोय वापरलीय की चालू हिशेब मध्येच सोडून मागच्या ठिकाणी उडी मारता येते. ती मी फक्त बाहेर पडण्यापुरती बांधलीय. परत आत शिरण्यासाठी त्यानं ती कुठं वापरलीय का, हे वाचत दोनशे चाळिसाव्या ओळीपर्यंत आलेय.