ओंबी केवढी?

गव्हाच्या पैदाशीत सुरुवातीच्या पिढ्यांत उत्पन्न थेट निवडता येत नाही. निवडता येते ती उंची, पानांची ठेवण, कुसळ, निसवण्याची वेळ. हिशेबापुरतं उत्पन्न तीन आकड्यांत मावतं: चौरस मीटरमधल्या ओंब्या, ओंबीतले दाणे आणि हजार दाण्यांचं वजन. पण एक वाढवायला जावं, तर दुसरा उतरतो. फुटवे उदंड आले की ओंब्या लहान राहतात. ओंबीत दाणे दाटले की दाणा बारीक पडतो. शेवटी झाडाकडे अन्न मोजकंच.

संकराच्या दुसऱ्या पिढीत रोपं सुटी लावलेली असतात. तिथे भरपूर फुटव्यांचं, रुंद पानांचं रोप लगेच डोळ्यांत भरतं. शेतात मात्र गहू दाटीनं वाढतो, आणि तेच रोप शेजारच्यांचा उजेड अडवतं. ऑस्ट्रेलियाचे सी. एम. डोनाल्ड यांनी १९६८ मध्ये मांडलेला आदर्श गहू म्हणूनच दिसायला अगदी गरीब: बुटका, ताठ काडीचा, मोजक्या उभ्या पानांचा. एकटा दुबळा, पण सारखीच रोपं शेजारी असली तर एकराला भारी. ते वाचल्यापासून देखण्या रोपाला खूण बांधताना माझा हात जरा थांबतो.

बुटकेपणाची गोष्टही अशीच. जपानच्या नोरिन १० या गव्हातून आलेली बुटकेपणाची जनुकं बोरलॉग यांच्या मेक्सिकन वाणांमार्फत साठीच्या दशकात आपल्याकडे आली. खतपाणी देऊनही गहू लोळेना, हा फायदा सगळ्यांना दिसला. आतला फायदा वेगळाच होता. कांडी लांबते त्याच काळात पोटरीत ओंबी वाढत असते. काडीचं अन्न वाचलं, ते ओंबीला मिळालं आणि दाणे जास्त धरले. मात्र या जनुकांनी उगवणारा कोंबही आखूड केला. ओल गाठायला जिरायतीत बी खोल पेरलं, तर तो वर येताना दमतो.

महाराष्ट्रात सगळ्यात वजनदार गुण माझ्या मते निसवण्याची वेळ. आपली थंडी तोकडी. फेब्रुवारीचं ऊन चढलं की दाणा भरायचे दिवस कमी होतात आणि तो सुरकुततो. उत्तरेकडचं उशिरा पिकणारं वाण जानेवारीत हिरवंगार दिसतं, मळणीला निराश करतं. इथे लवकर निसवणारं, काडीत साखर साठवून उन्हात ती दाण्याकडे पाठवणारं झाड हवं. निफाडच्या संशोधन केंद्राचं ‘फुले समाधान’ वेळेवर आणि उशिरा, दोन्ही पेरण्यांना चालतं. आपल्याकडे ही लवचीकता मोठी.

शेतकरी विचारतात, “ओंबी केवढी येते?” मी उलट विचारतो, “पेरणी कधी करणार?” डिसेंबर उजाडणार असेल, तर लांब ओंबीचा मोह सोडावा. ती भरायला पुरेसे थंड दिवसच उरत नाहीत.