झाडूची पाळी

निगडीची दुर्गादेवी टेकडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. चहूकडे इमारती, रस्ते आणि कारखाने. मध्ये ही महापालिकेची हिरवी टेकडी, एखाद्या बेटासारखी. मी कारकून माणूस. आठवडाभर बिले आणि चलने लिहून मान अवघडते, म्हणून रविवारी सकाळी तेथे फिरायला जातो. दोन वर्षांपूर्वी आम्ही फिरणाऱ्या दहा-बारा जणांनी ठरवले की रविवारचा एक तास टेकडीला द्यायचा. प्लॅस्टिक गोळा करायचे, पायवाट झाडायची, उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायचे.

एका रविवारी घरी आलो आणि झाडू दाराशी उभा केला. वडील चहा घेत होते. वय वर्षे ७७. झाडूकडे बघून म्हणाले, "तुझ्या आज्यानं ५६ साली हातातला झाडू टाकला. त्यो तू परत उचललास व्हय?"

माझे आजोबा गावची वेस झाडायचे, मेलेली ढोरे ओढायचे. बदल्यात शिळी भाकर. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ते काम सोडले. गावाने त्रास दिला, पण पुन्हा झाडू धरला नाही. मी म्हणालो, "दादा, ती वेठ होती. हे श्रमदान आहे."

"मग बाकीचे काय करत्यात?" त्यांनी विचारले.

मला उत्तर देता आले नाही. कारण खरे सांगायचे तर झाडू दर रविवारी मी आणि आमच्या वस्तीतले दोघे, अशा तिघांच्याच हातात असे. बाकीचे पाणी घालीत, फोटो काढीत. असे कोणी सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते.

त्याच सुमारास माझा पुतण्या अमेरिकेहून परतला. तो चाकणच्या एका मोटार कंपनीत इंजिनियर आहे; कामासाठी काही महिने डेट्रॉइटला होता. डेट्रॉइट म्हणजे आपल्या पिंपरी-चिंचवडसारखेच मोटारींचे शहर. तेथे नदीत बेल आईल नावाचे बेट आहे. ते शहराने १८७९ साली विकत घेतले आणि लोकांसाठी बाग केली. जवळजवळ ४०० हेक्टर जागा. पुढे कारखाने बंद पडले, शहराची तिजोरी आटली. बेटावरचे १९०४ सालचे मत्स्यालय २००५ मध्ये बंद झाले. २०१२ साली स्वयंसेवकांनी ते पुन्हा उघडले. २०१३ मध्ये शहराचे दिवाळे निघाले आणि २०१४ पासून बेटाचा कारभार राज्य सरकारकडे गेला. पण पडत्या काळात बेटाला हात दिला तो साध्या माणसांनी.

त्याच बेटाची दुसरी गोष्टही आहे. २० जून १९४३ रोजी, रविवारीच, तेथे गोऱ्या-काळ्यांची मारामारी सुरू झाली आणि दंगल शहरभर पसरली. ३४ माणसे मेली, त्यांतली २५ काळी होती. बाग सर्वांची होती, मने सर्वांची नव्हती.

हे आपल्याला नवे नाही. १९२३ साली मुंबई कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, तरी ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळ भरली. सार्वजनिक जागेवर हक्क सर्वांचा, हे आपण तेथे शिकलो. मग तिची झाडलोटही सर्वांची नको का?

मी कारकून आहे. मला जे येते ते केले. हजेरीवहीतल्या क्रमाने सर्वांची नावे घालून पाळीपत्रक तयार केले. या रविवारी झाडू कोणाकडे, पाणी कोणाकडे, सर्व त्यात लिहिले. एकदोघे म्हणाले, "आमची कंबर दुखते." दोघे यायचे बंद झाले. बाकीचे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ तर बायकोला घेऊन आले आणि दोघांनी मिळून पायवाट झाडली. आणखी एक नियम आम्ही केला. सफाई कामगारांचे काम आपण अंगावर घ्यायचे नाही. आपल्या श्रमदानाच्या नावाखाली कोणाची भाकरी जाता कामा नये.

गेल्या महिन्यात वडिलांना रिक्षाने टेकडीवर नेले. ते बाकावर बसून राहिले. ते गृहस्थ झाडत होते, मी रोपांना पाणी घालीत होतो, माझी मुलगी प्लॅस्टिक वेचत होती. वडील काही बोलले नाहीत. परतताना रिक्षात एवढेच विचारले, "फुडच्या रविवारी झाडू कुणाकडं?"

"माझ्याकडे, दादा."

"बरं," ते म्हणाले. "मग लवकर उठ."

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीजवळही एखादी बाग, टेकडी, नदीचा घाट असेल. तो आपला आहे. तेथे जरूर जा, मुलाबाळांना न्या, हाताला पडेल ते काम करा. फक्त जाताना एक पाळीपत्रक बरोबर ठेवा.