उतरंड

२३ मे
बाबांची एचटीएमएल पाने उघडली. ८४. भिलाईतल्या नेहरू नगरच्या याच खोलीत, नोटपॅडमध्ये, एकेक टॅग हाताने टाइप केलेला. वर्षश्राद्धापर्यंत ई-बुक व्हायला हवे.

२४ मे
ई-बुकचा चेकर पहिल्याच पानावर अडला. ब्राउझरमध्ये पान नीट दिसते. तो चूक परस्पर सावरून घेतो, सांगत नाही. म्हणून इतकी वर्षे कळले नाही.

२५ मे
नवतपा लागला. कूलरमध्ये दोनदा पाणी भरले.
चूक सापडली. ४ फेब्रुवारी १९५९. पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते तो दिवस. बाबांनी तारीख ठळक आणि तिरपी केली. 'बी' उघडला, त्याच्या पोटात 'आय'. बंद करताना मात्र आधी 'बी'.

२६ मे
अशा जागा शोधायला रेजेक्स, म्हणजे शोधाचा साचा, लिहिला. बी, काहीही, आय, काहीही, बी बंद. त्या 'काहीही'ने अख्खी ओळ गिळली. ठिपका-ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह लावले, तर बरोबर असलेलेही सापडू लागले. मध्ये एकही बंद टॅग नको, अशी अट घातली. ३७ जागा.

२७ मे
सगळ्या ३७ एकाच तऱ्हेच्या. आधी आला तो आधी गेला. बाबांचा नियम रांगेचा. रेशनच्या दुकानातही कुणाला मध्ये घुसू द्यायचे नाहीत.

२८ मे
वीज नाही.

२९ मे
रेजेक्स चालवणारा ग्रेप एका वेळी एकच ओळ बघतो. टॅग पुढच्या ओळीवर गेला की निसटतो. आणखी ११.

३० मे
यादीत यादी, तिच्यात यादी. इथे साधा रेजेक्स संपला. किती उघडले, किती मिटले, हे त्याला मोजता येत नाही. हेच सांगणारा भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींचा १९५६चा निबंध परीक्षेपुरता पाठ केला होता. आज अंगावर आला.
रात्री आईला सांगत होते. म्हणाली, "उतरंडच की गं. वरचं मडकं आधी उतरवायचं."

३१ मे
वीस ओळींचा प्रोग्राम. टॅग उघडला की उतरंडीवर ठेवायचा. बंद आला की सगळ्यात वरचा उचलून बघायचा. जुळला नाही तर पान आणि ओळ सांगायची. दुरुस्ती मी हातानेच करणार. तेवढाच मजकूर पुन्हा वाचून होतो.

१ जून
आजच्या पानावर मैत्रीबागेतले पांढरे वाघ. ठळक.

२ जून
पान ६१. आईचे नाव. 'आय' उघडलाय, मिटलेला कुठेच नाही. तिथून खाली सगळे पान तिरपे.
आईला दाखवले. बराच वेळ बघत राहिली. "हे असंच राहू दे."
चेकर तसे राहू देत नाही. 'आय'च्या पोटात परिच्छेद चालत नाहीत. प्रत्येक परिच्छेदात वेगळा उघडला, वेगळा मिटला. १४ वेळा.