माद्रिदचा चौक आणि त्याचे सज्जे

स्पेनची राजधानी माद्रिद. या शहराच्या मधोमध 'प्लाझा मायोर' आहे. प्लाझा म्हणजे चौक, मायोर म्हणजे मोठा. चौक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चार रस्ते आणि मधे पुतळा येतो. इथे पुतळा आहे, पण रस्ते नाहीत. चारही बाजूंनी तांबड्या इमारतींनी बंद केलेले हे प्रचंड अंगणच आहे. लांबी सुमारे १२९ मीटर, रुंदी ९४ मीटर. आत शिरायला कमानी, तळाला दगडी खांबांची ओसरी, आणि वर तीन मजल्यांवर मिळून २३७ सज्जे. वाचकहो, या सज्ज्यांवर नजर ठेवा. चौकाचा खरा इतिहास तिथे आहे.

मुळात ही जागा राजाची नव्हेच. जुन्या माद्रिदच्या तटाबाहेर इथे बाजार भरत असे आणि वेशीबाहेरच्या वस्तीचेच नाव त्याला होते. १५६१ साली दुसऱ्या फिलिपने दरबार माद्रिदला आणला आणि बाजाराचे दिवस पालटले. तिसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत, १६१७ साली, हुआन गोमेस दे मोरा या वास्तुशिल्पकाराने काम हाती घेतले व १६१९ मध्ये ते पुरे झाले. एका बाजूला पावाची इमारत, समोर मांसाच्या कोठाराची. पावाच्या इमारतीत खाली भट्टी आणि वर राजाचा खास सज्जा.

बैलांच्या झुंजी, राजघराण्याचे सोहळे, गुन्हेगारांना देहदंड, सगळे इथेच. १६२० साली इसिद्रो नावाच्या शेतमजुराला चर्चने धन्य ठरवल्याचा उत्सवही इथे झाला. मात्र अशा दिवशी घरात राहणाऱ्याचा सज्जा त्याचा राहत नसे. कोणी कुठे बसायचे ते दरबार ठरवी. भाडे एकाने भरायचे आणि सज्ज्यात मिरवायचे दुसऱ्याने!

पण आम्हाला सांगायचे आहे ते ३० जून १६८० या दिवसाबद्दल. त्या दिवशी धर्मन्यायालयाने चौकात लाकडी मंच उभारून शंभराहून अधिक आरोपी उभे केले. बायाही होत्या. बहुतेकांवर आरोप एकच, की वरून ख्रिस्ती पण घरात ज्यू धर्म पाळतात. १४९२ साली स्पेनने ज्यूंना हुकूम दिला होता, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांची पुढची पिढीसुद्धा 'नवे ख्रिस्ती'च राहिली. 'रक्ताची शुद्धता' सिद्ध केल्याशिवाय अनेक पदे मिळत नसत. त्यासाठी आजे-पणजे तपासले जात. ही सुरुवात टोलेडो शहराच्या १४४९ च्या नियमाने झाली होती. जन्मावरून माणूस तोलणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

आरोपींच्या अंगात लाजेचा झगा घालत. शिक्षेनंतर तो झगा नावासकट चर्चमध्ये टांगून ठेवत, म्हणजे नातवंडांनाही मान वर करता येऊ नये. त्या दिवशी अठरा वर्षांचा राजा दुसरा चार्ल्स नव्या राणीसह सकाळपासून सज्ज्यात बसून होता. मरणाची शिक्षा झालेल्यांना मग शहराबाहेर नेऊन जाळले. चित्रकार फ्रान्सिस्को रिसी याने १६८३ साली हा देखावा रंगवला. ते चित्र माद्रिदच्याच प्रादो संग्रहालयात आहे. सज्जे माणसांनी खच्चून भरलेले दिसतात. आरोपींना मात्र त्या गर्दीत शोधावे लागते.

धर्मन्यायालय १८३४ साली कायमचे बंद झाले. रक्तशुद्धीचे दाखले त्यानंतरही चालू होते, ते १८६५ मध्ये संपले. चौक मात्र आगीत पुन्हा पुन्हा जळला. १६३१, १६७२ आणि १७९० या तीन मोठ्या आगी. शेवटच्या आगीनंतर हुआन दे विल्यानुएवा याने इमारतींची उंची कमी केली आणि कोपरे कमानींनी बंद केले. आजचे रूप त्याचे. नावेही बदलत गेली. राज्यघटना आली की 'संविधान चौक', राजा परतला की 'राजाचा चौक'! घोड्यावरचा तिसरा फिलिप १८४८ साली मध्यभागी आला. प्रजासत्ताकाच्या काळात त्यालाही खाली उतरावे लागले होते.

आता रविवारी सकाळी ओसरीत जुनी नाणी व टपाल तिकिटे विकायला बसतात. मांसाच्या इमारतीत हॉटेल झाले आहे. पैसे मोजेल त्याला सज्जा. आम्हाला चौकातल्या टेबलांवरची कॉफी महाग वाटली. शेजारच्या गल्लीतून तळलेल्या माकुळाचा पाव घ्यावा आणि दिव्याच्या खांबाभोवतीच्या गोल बाकावर येऊन बसावे. या बाकांच्या पाठींवर चौकात घडलेल्या गोष्टी धातूत कोरल्या आहेत. लोक त्यांना टेकून पाव खातात. उठताना एकदा मागे वळून ती चित्रे बघावीत.