उलटी बाजू
सुरतेत साडी घेताना मी आधी उलटी बाजू बघते. लेकाने चाकणला बनलेली जुनी केटीएम आरसी ३९० पसंत केली, तेव्हाही तेच केलं. रोज अडाजणहून कामाला जायला आणि वर्षातून एकदा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायला, म्हणे! गॅरेजवाल्याने सांगितलेल्या जागा तपासल्या. रंग नवाकोरा, पण हँडलचं टोक घासलेलं, फोर्कच्या सीलमधून तेल ओघळलेलं.

"ही पडलीय रे." मालक गप्प.

"मम्मी, किंमत बघ ना!"

"कमी का, ते बघ."

चौविहाराला ताटावर बसला तरी बोलला नाही. आठवड्याने स्वतःच म्हणाला, "यामाहा आर१५ बघितलीय. सर्व्हिसची सगळी बिलं आहेत. येतेस?"

म्हटलं, उजेडात जाऊ. संध्याकाळी ओघळ दिसत नाहीत.